कात्री

माझ्या दुकानात औषधांहून जास्त चालते ती कात्री.
अख्खी पट्टी कोण घेतं?
दोन द्या. चार द्या. ती लाल द्या, मागल्या टायमाची.
कच्च.
नाव एका तुकड्यावर राहतं,
तारीख दुसऱ्यावर,
गिऱ्हाइकाच्या मुठीत जातं
नुसतं चांदीचं पान.

जालन्याच्या एमआयडीसीत दोनचा भोंगा होतो.
रोलिंग मिलची माणसं येतात,
भुवया जळालेली, सदऱ्यावर मिठाचे नकाशे.
मुख्तार म्हणतो, अंग ठणकायलंय, द्या एक.
पाणी किती पिलास?
तो हसतो. भट्टीपुढून हलू कोण देतं, भाई.
लघवी?
सकाळपासून नाही.
मग ही नको. आधी घरी जा, तांब्याभर पाणी,
चिमूटभर मीठ, मूठभर साखर.
कोरड्या पडलेल्या किडनीला हिचा भार सोसत नाही.
त्याला वाटतं, माल संपला म्हणून थापा मारतोय.

बियाण्याच्या कंपनीतली आसराबाई
दिवसभर गुडघे मुडपून सरकी निवडते.
सकाळी सर्दीच्या गोळ्या नेल्या,
संध्याकाळी परत: ताप उतरंना, तापाची द्या.
मी तिची पिशवी उघडायला लावतो.
चुन्याची डबी, एसटीचं तिकीट, सकाळची पुडी.
बारीक अक्षरं मी वाचतो,
ती माझं तोंड वाचते.
ह्यातली कधी घेतली?
आत्ता, चहासंगं.
बाई, सर्दीच्या गोळीत तापाचीच गोळी आहे.
दोन नावं, माल एकच.
मग पैसे दोन्हींचे कसे घेता?
ह्याचं उत्तर माझ्या डिप्लोमात नव्हतं.
मी म्हणालो, दोन्हीतली एकच घ्यायची,
आणि आता दहाच्या भोंग्याला.
मग सकाळच्या भोंग्याला. मधे नाही.
तीन दिवसांत ताप गेला नाही तर डॉक्टर.
रविवारी भोंगा नसतो, ती म्हणाली.

लिंबाजीला मात्र मी काहीच विचारलं नाही.
मोंढ्यातला हमाल. दर शनिवारी दहा,
सुट्टे पैसे मोजून.
दोन वर्षं. कच्च, कच्च.
उपाशीपोटी घेतोस का, विचारलं नाही.
रात्री पितोस का, विचारलं नाही.
आणि शी डांबरासारखी काळी होते का,
हे भर काउंटरवर, चार लोकांत
कसं विचारायचं?

तीन शनिवार तो आला नाही.
चौथ्याला त्याची सून:
घाटीत आहेत. पोटात जखम झाली होती,
चार बाटल्या रक्त चढवलं.
मी कात्री गल्ल्यात टाकली.
त्या दिवशी सगळ्यांना अख्ख्या पट्ट्या दिल्या,
जसं काही चूक कापण्यात होती.

पोळ्यानंतर तो स्वतः आला, निम्मा झालेला,
हातात पिशवीभर मोसंब्या.
तुमच्यासाठी.
माझ्यासाठी? अरे, माझ्यामुळंच तर…
तुमच्या गोळीवर दोन वर्षं पोती उचलली, मालक.
पोरीचं लगीन निघालं त्यात.
मग काउंटरवर टेकून, हळूच:
आता कोणची देता? पाठ तर आहेच.

मी फळी उचलून त्याला आत घेतलं,
स्टुलावर बसवलं.
एका कागदावर लाल पेनानं लिहिलं:
ह्या माणसाला अल्सर आहे,
अमुक, तमुक आणि तमुक देऊ नये.
खाली दुकानाचा शिक्का मारला.
घडी करून त्यानं तो टोपीत ठेवला,
जिथं तो बिड्या ठेवतो.
कोणत्याही दुकानात गेलास तरी आधी हे दाखव.
आणि गोळी?
गोळी डॉक्टर ठरवतील. मी सोबत येतो, दुकान मिटल्यावर.
दुकान कधी मिटतं?

बाहेर रांग कटकट करायला लागली.
ओ शेठ, दोन लाल द्या, गाडी चाललीय.
जेवलात का, मी विचारलं.
काय?
जेवलात का. रक्तदाबाची गोळी चालू आहे का.
मागं कोणीतरी म्हणालं, ह्याला आज काय झालंय.

मी गल्ल्यातून कात्री काढली
आणि आधी
मोसंब्यांच्या पिशवीची गाठ कापली.